रोझरीतलं परकं नाव

२४ ऑक्टो. ८५
ज्युडीच्या शाळेचं नवं खूळ. प्रत्येकीनं एका जुन्या राष्ट्राध्यक्षाचं चरित्र लिहायचं. आमच्या लेकीच्या वाट्याला दक्षिण अमेरिकेतला, गेल्या शतकातला एक जनरल. नावाला जीभ वळत नाही, इथं नुसतं रा. लिहीन. पास्कल बापाच्या तोऱ्यात म्हणे, "आपल्या गावच्या सरपंचाचं नाव तरी ठाऊक आहे का हिला?" मी त्यालाच विचारलं. पेपरात तोंड खुपसलं.

२९ ऑक्टो.
सकाळची ड्यूटी. वॉर्ड भरलेला, पायांचे तुकडे पडले. संध्याकाळी ज्युडीचं वाचन. रा. अनाथ. सैन्यात ढोल वाजवायला राहिला, जनरल झाला, बंड करून गादी बळकावली. रस्ते बांधले, शाळा काढल्या, विरोधकांना गोळ्या घातल्या. पाद्र्यांना देशाबाहेर हाकललं. शेवटी स्वतःच्याच अंगरक्षकांनी मारलं. पुरायला पाद्रीच उरला नव्हता, प्रार्थनेविना पुरला. भोगा म्हटलं.

२ नोव्हें.
मृतांचा दिवस. गावी कबरींवर आज मेणबत्त्या असतील, आमची इथं आखातात, बुसैतीनच्या फ्लॅटच्या खिडकीत. रोझरीची माळ जपून झाल्यावर आपल्या मेलेल्यांची नावं घेतली. आई, बाबा, पास्कलचा मोठा भाऊ. ज्युडीनं शेवटी रा.चं जोडलं. "ममी, नोबडी प्रेड फॉर हिम." भरून आलं मला. असू दे म्हटलं. आजपासून रोज घेईन.

८ नोव्हें., शुक्र.
पास्कल मआमीरच्या कारखान्यात, दुपारची शिफ्ट. रोझरीला आम्ही दोघीच. मी 'नमो मरिये' म्हणायची, ज्युडीनं 'पवित्र मरिये' हे उत्तर द्यायचं. मध्येच कधीतरी उत्तराला दोन आवाज यायला लागले. दुसरा जाड, पुरुषी. शेजाऱ्यांचा टीव्ही असेल. पण शेजारी सुट्टीवर गेलेत.
थकलेय, दुसरं काही नाही.

१२ नोव्हें.
ज्युडी भिंतीला पाठ लावून जेवते. दाराकडे पाठ करायला तयारच नाही. "ही डझन्ट लाइक इट. दे केम फ्रॉम बिहाइंड." पुस्तकात आहे का हे? नाही म्हणाली. मी स्वतः चाळलं. खरंच नाही.

१५ नोव्हें.
पास्कलला सांगितलं. "नाव गाळ, खलास!" याचं सगळंच सोपं. मेलेल्याचं नाव एकदा घ्यायला लागलं की मध्येच सोडायचं नाही, असं आई मानायची. फादरना गाठायचं होतं, आज चर्चमधल्या गर्दीत जमलं नाही.
आणि दुसरंही आहे. बाबांचं नाव वर्षभर घेतेय. रजा मिळाली नाही, मातीलाही जाता आलं नाही. त्यांचा आवाज एकदाही नाही, आणि हा कुठला कोण उपरा रोज येऊन बसतो. इतका राग आला की न्हाणीत जाऊन रडले.

१९ नोव्हें.
ज्युडीला ताप. डॉक्टरांना काही सापडत नाही. अन्न जात नाही. आज उत्तर देताना ती आधी थांबली, तो आवाज संपेपर्यंत. मग हळूच आपलं म्हणाली. मोठ्या माणसाला आधी बोलू द्यावं तसं.
बास. पोर आधी, आत्मे नंतर. उद्यापासून नाव नाही.

२० नोव्हें.
गाळलं. पास्कलची वाट न पाहता रोझरी उरकली. उत्तराला फक्त ज्युडी. कपाळ गार लागलं, ताप उतरलाय. देवा, किती हलकं वाटलं.
मग ती म्हणाली, "ममी, ही इज नॉट अँग्री."
कोण?
"तू त्याचं नाव सोडलंस ना. नाऊ ही विल से द नेम्स."
कुणाची नावं? मेलेल्यांची?
"आपली. फर्स्ट पप्पा."

पास्कलची आज सकाळची शिफ्ट. कंपनीची बस दिवस मावळायच्या आत येते. बाहेर दिवे लागून गेले. कारखान्यात फोन लावला, कुणी उचलत नाही. पुन्हा लावला. खिडकीपाशी उभी राहून लिहितेय, म्हणजे बस आली की दिसेल.
आतल्या खोलीत ज्युडी एकटीच आहे. मध्ये मध्ये थांबते, आणि मग उत्तर देते. पवित्र मरिये, देवाचे माते