छपरावरून तीन हाका

१२ मार्च १९४४
समुद्र पाहिला! पोटातलं सगळं ओकलो, पण पाहिला. शिपायांनी शेतातून उचललं तेव्हा आईने आकांत मांडला होता. ते म्हणाले, दोनच वर्षं. जपानमधली ही कोळशाची खाण काही वाईट नाही. पेंड घातलेला भात मिळतो, पण गरम. खाणीच्या तोंडाशी माझ्या नावाची लाकडी पाटी टांगलीय: कानेदा. जपान्यांनी दिलेलं; आता हेच नाव. कोरियन शब्द काढला की छडी, म्हणून खरं नाव या वहीतही लिहीत नाही. वही कमरेला बांधतो.

२० मार्च
शेजारच्या चटईवर चाळिशीचा एकजण आहे. मी त्याला दादा म्हणतो. गावी त्याची मुलगी आहे, म्हणून मला जावई करून टाकलंय. "जावईबापू, कोळसा चावत नाही, जरा जोरात हाणा!" स्वतःच्या वाटचं मुळ्याचं लोणचं मला देतो.

९ एप्रिल
खाणीत दरड कोसळली. दादा गेला.
आमच्याकडे मेलेल्याचा सदरा घेऊन छपरावर चढतात, नावाने तीन हाका मारतात. मग जीव घरी परततो. मी बराकीच्या छपरावर चढलो, आणि तोंड उघडंच राहिलं. मोठ्यांचं नाव घेऊ नये, म्हणून मी कधी विचारलंच नव्हतं. इतर कुणालाही ठाऊक नव्हतं. पाटीवरचं 'इवामोतो' तेवढं माहीत. तेच ओरडलो. गाढव आहे मी, गाढव.

१३ एप्रिल
खाली खोकला ऐकू येतो. दादाचाच. सगळे ऐकतात, माना खाली घालून खणतात.

१५ एप्रिल
आज अगदी कानाशी. जावईबापू, हाका ऐकल्या, पण हा इवामोतो कोण रे? मला कधी बोलावणार? पोर वाट बघत असेल.
मी नुसता रडलो.

१६ एप्रिल
उद्या पाळी संपली की सगळ्यांना माझं खरं नाव सांगणार. छडी बसली तर बसू दे. मला आईकडे जायचंय.

१७ —
पुन्हा दरड. पायांवर दगड. मघाशी दुखत होतं, आता नाही — दिवा विझला, तरी अक्षरं दिसतात —

छपरावर कुणीतरी चढलंय. माझा सदरा फडफडतोय. कानेदा — कानेदा — कानेदा —
अरे, मी नाही तो! आई —

दादा जवळ सरकला. विचारतोय, जावईबापू, तुझं खरं नाव काय?
माझं —