ओढ्यापलीकडचं डुक्कर

प्रिय आण्णा,

माझ्या सोनमच्या लग्नात फेटा कोणत्या रंगाचा बांधायचा, हा तुझा निरोप बयामावशीनं दौंडहून आणला. रंगाचं सांगते. आधी माझं ऐक, फोनवर तू मला कधी बोलू दिलंयस?

मागच्या दिवाळीत आमच्या ओट्यावर बसून तू रानडुकराच्या गोळीचं समजावत होतास. जवळून फार वेगात बसली तर कातड्याखालीच तिचा चुरा होतो, बेताच्या वेगात बसली तर आत फुलते आन् जनावर जागीच पडतं. लांबून वेग मेला की ती उघडतच नाही. कांद्याच्या गोणीत दाभण घालावं तशी आरपार जाते, रक्त थेंबभर निघतं, जनावर पळतं आन् पिसाळतं. तुझे दाजी मान डोलवत ऐकत होते. मेव्हण्याचं केवढं कौतुक त्यांना! पिकं नासणारं डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी आली, तेव्हा तुलाच बोलवायचं म्हणून तेच सरपंचांकडे हटून बसले.

त्या संध्याकाळी डुक्कर ओढ्यापलीकडं, पार बांधाच्या टोकाला होतं. आमच्या शेजारचा हौशीराम म्हणाला, जवळ येऊ द्या, घाई कशाला. पण अख्खं गाव बघत होतं ना! तू तिथूनच बार काढलास. डुक्कर आमच्या उसात घुसलं. तू पलीकडं जाऊन वाकून पाहिलंस आन् म्हणालास, रक्त नाही, गोळी चुकली. मग तळेगावला जेवायला गेलास. घायाळ जनावर मागं सोडून घरी यायचं नाही, हे आपल्या आबांनी मेंढरांमागं फिरताना दोघांनाही शिकवलं होतं. चुकली म्हटलं की मागं जायला नको, एवढंच.

तुझ्या शब्दावर हे दुसऱ्या दिवशी उसाला पाणी द्यायला गेले. डुकरानं मांडी फाडली. हौशीरामनं पाठीवर घेऊन टेम्पोत घातलं, शिरूरपर्यंत जखम दाबून धरली. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

डुक्कर नंतर पाटाच्या चारीत मेलेलं सापडलं. वनरक्षकानं उलटं करून मला दाखवलं. एका कुशीत बारीक भोक, दुसऱ्या कुशीत तेवढंच. आण्णा, हे मला कळलं ते तूच शिकवलंस म्हणून, मग तुला कळलं नसेल? दहाव्याला तू माझ्या गळ्यात पडून रडलास आन् चार माणसांत म्हणालास, गोळी लागली असती तर दाजी वाचले असते. आईकडं बघून मी तुझी पाठ थोपटली. चुकली असती तरी वाचले असते रे. ती लागली होती.

आता ऐक. लग्नाला ये. आईला सांभाळून आण, पोटभर जेव. फेटा हवा तो बांध. पण भटजी नवरीच्या मामाला हाक मारतील, तेव्हा खुर्चीवरून उठू नकोस. सोनमच्या पाठीशी हौशीराम उभा राहणार आहे. तिला सगळं सांगितलंय, आन् हे तिनंच ठरवलंय.

तुझीच बहीण,
नकुशी