जर्मनचा दांडा आन् बारकी ट्यूब

१ डिसेंबर, सकाळी
आजपासून रिसर्च. मोबाईलवर बगितलं: अ‍ॅल्युमिनियम, म्हंजी आपलं जर्मन, वितळवून त्यात सिरॅमिकची पावडर आन् कार्बन नॅनोट्यूब घातली की लय मजबूत होतंय. आबा म्हणलेत, पंधरा दिवसांत काम धर, न्हाईतर बिरदेवमामासंगं मेंढरामागं जा. मी गाडीच्या क्लचचा दांडा वतून सोनपेठच्या माणिकरावला दावणार. त्यो मला त्येच्या गॅरेजात लगेच कामाला ठिवून घेईल. नववीत शाळा सोडली त्येचा हा फायदा, डोकं मोकळं हाय.

३ डिसेंबर
सिरॅमिक म्हंजी कपबशा. एक फुटलेली व्हती, एक फोडली. खलबत्त्यात कुटल्या.
नॅनो म्हंजी बारकं. म्हणून बारक्या सायकलची ट्यूब आणून जाळली. गल्लीतली चार घरं दारं लावून बसली. शोध लागतानी असं व्हतंयच.
आमची थोरली दिपालीआक्का, बारावी सायन्स झालेली. म्हणली, ती ट्यूब न्हवं रं येड्या, केसाहून लय बारीक कार्बनची नळी असती. पावडर आदी तापव, वली ऱ्हायली तर बुडबुडे धरतेत. वतायच्या आदी चांगलं ढवळ.
तिला प्रॅक्टिकलचं काय कळतंय.

६ डिसेंबर
आईचं जर्मनचं पातेलं वितळवलं. कोळसे, बाजूला टेबलफॅन. आई काय म्हणली ते लिवत न्हाई. कपबशांची पावडर आन् ट्यूबची राख न तापवताच टाकली. ढवळलं न्हाई, हात पोळायलाय. वाळूच्या साच्यात दांडा निघाला. भोकं पडलीत. म्हंजी वजन कमी. हे एक्स्ट्रा.

९ डिसेंबर
सोनपेठला गेलो. गॅरेजसमोर दोन तास हुबा. गिऱ्हाईक व्हतं, मधी बोलणं बरं दिसलं न्हाई. निरीक्षण झालं.

११ डिसेंबर
परत गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. तवा तर अजूनच अवघड.

१३ डिसेंबर
आक्काला संगं नेलं, दांडा धरायला. माणिकरावनं नुसता दाबला, दोन तुकडे. इचारलं, "ह्यात काय कालवलंय?" मी चपलाकडं बगायलतो. आक्कानंच सगळं सांगितलं: पावडर कुठं गोळा झाली, भोकं कशानं पडली, काय करायला पायजे व्हतं. माणिकरावनं तुकड्यांची भोकं निरखून बगितली. मग म्हणला, "पोरी, सोमवारपासून येतीस का?"
माझ्याच रिसर्चमुळं तिला काम लागलं.

१५ डिसेंबर, सोमवार
आक्का एसटीनं सोनपेठला गेली. मी मेंढरामागं. मामा म्हणला, मेंढरं पिकात शिरायला लागली की मोठ्यानं हाळी द्यायची. शिरायला लागली. तिथं बाया खुरपायलत्या. अनोळखी बायांपुढं कसं वरडावं? अर्धा एकर हरभरा गेल्यावर बायाच वरडल्या.