साडेअकरा

४ ऑगस्ट

पहिल्याच ओळीला खडू मोडला. वर्ग हसला — मीही हसले. अठरा वर्षं रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेची प्रमुख होते, हाताखाली सात केमिस्ट. इथे शेवटच्या वर्गातली एकतीस मुलं आणि न गळणाऱ्या ब्युरेट — द्रावण थेंबाथेंबाने मोजायच्या काचनळ्या — चारच!

प्रयोगवह्या चाळल्या. आम्ल मारायला कॉस्टिक सोड्याचं द्रावण किती मिलिलिटर लागतं, त्याचा प्रयोग — एकतीस वह्या, एकच आकडा. १०.०. गेल्या वर्षीच्या वह्यांतही तोच. प्रयोगशाळेचे मदतनीस नाना हसून म्हणाले, "मीच सांगतो पोरांना. दरवर्षी दहाच येतो. उगाच डोक्याला ताप कशाला, बाई?"

ज्याच्यामुळे कारखाना सोडला तेच इथे दारात उभं!

५ ऑगस्ट

बोलले. पाऊण तास. खेळण्यांच्या रंगात शिसं किती, ते अहवालात कमी दाखवायला सांगितलं, म्हणून भर बैठकीत राजीनामा दिला — सगळं सांगितलं. "डोळ्यांना दिसलं तेच वहीत! परीक्षकासाठी खोटं नाही, आईबापासाठी नाही आणि माझ्यासाठी तर नाहीच नाही!" टाळ्यांनी वर्ग दणाणला.

एका मुलीने टाळ्या वाजवल्या नाहीत. जाड भिंगांचा चष्मा, सगळे तिला 'दुर्बीण' म्हणतात. तिने हात वर केला. "बाई, दिसलं ते चुकीचं असलं तर?"

"तरी तेच लिही. मग चूक शोधता तरी येते."

तिने मान डोलावली. ती डोलावलेली मान मला टाळ्यांपेक्षा जड वाटली.

घरी नवरा म्हणाला, "सभा जिंकून आलेली दिसतेस. आवाज बसलाय."

२० नोव्हेंबर

९.८. १०.१. १०.३. ९.९. प्रत्येक वहीत वेगळा आकडा! आनंदाने रडू यायचं बाकी होतं.

दुर्बीण सुट्टीतही ब्युरेटसमोर. तिला पुढे विज्ञान महाविद्यालयात जायचंय. तिथे प्रात्यक्षिकात तीसपैकी पंचवीस लागतात. "पंचवीस कसले, तू अठ्ठावीस आणशील," मी म्हणाले. बोलायला काय जातं माझं!

९ फेब्रुवारी

उद्या प्रात्यक्षिक परीक्षा. द्रावण शिक्षकाने करायचं, बरोबर उत्तर बंद लिफाफ्यात बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना द्यायचं. केलं. लिफाफ्यात १०.०.

नाना घुटमळत होते. "सोड्याचा डबा कधीचा उघडलेला आहे, बाई. एकदा स्वतः करून बघता का?" मी म्हणाले, "काट्यावर तोललंय, नाना. गणित खोटं बोलत नाही." मग हळूच विचारतात, "पोरांना दहा सांगून ठेवू?" असं झापलं की बिचारे झाडू घ्यायला निघून गेले.

१० फेब्रुवारी

सगळ्यांचे साडेअकराच्या आसपास. एकतीसच्या एकतीस.

परीक्षकांनी लिफाफा फोडला, यादीवरून बोट फिरवलं. "एकालाही जमू नये? काय शिकवता हो तुम्ही?" अचूक उत्तराचे दहा गुण — सगळ्यांना शून्य. दुर्बिणीने तीनदा करून तीनदा ११.५ लिहिलं. खाली बारीक अक्षरात: 'सोडा कमजोर असावा.' तिला तीसपैकी अठरा.

११ फेब्रुवारी

त्याच डब्यातला सोडा पुन्हा तोलला, द्रावण केलं, स्वतः करून पाहिलं. ११.५.

उघड्या डब्यातला सोडा हवा-पाणी शोषून मरतो, मग तो जास्त लागतो, हे मी वर्गात शिकवलंय! मग तपासला का नाही? कारण कारखान्यात अठरा वर्षं मी द्रावण केलंच नव्हतं. हाताखालचे केमिस्ट करायचे, तपासायचे. मी सही करायचे. विद्या हातातून कधी गेली, कळलंही नाही. तोंड तेवढं राहिलं.

मुलांनी दिसलं ते लिहिलं. खोटा आकडा एकच होता — लिफाफ्यातला. माझा.

१३ फेब्रुवारी

मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी दार लोटलं, आवाज खाली आणला. "बाई, गुणपत्रिका अजून माझ्याकडेच आहेत. परीक्षक माझ्या ओळखीचे. साडेअकराचे दहा करायला कितीसा वेळ लागतो? मुलांचं भलं, तुमचंही."

"आणि मी परीक्षा मंडळाला खरं कळवलं तर?"

"तर फेरपरीक्षा. पण शिक्षकाची चूक सिद्ध झाली पाहिजे. आणि तुमचं हे पहिलंच वर्ष — तुम्हाला ठेवता येणार नाही."

कारखान्यात राजीनामा देताना समोर चोर होते. इथे समोर एक दमलेला माणूस, टेबलावर एकतीस पोरांचे गुण.

१४ फेब्रुवारी

मंडळाला पत्र टाकलं. चूक माझी, फेरपरीक्षा घ्या.

नवरा म्हणाला, "पुन्हा घरी बसशील." मी म्हणाले, बसेन. "बरं," म्हणाला आणि ताट वाढून दिलं. त्या 'बरं'मध्ये काय होतं, विचारायची हिंमत झाली नाही.

१७ फेब्रुवारी

वर्गाला सांगितलं: चूक माझी होती, चौकशीला अधिकारी येतील, पाहिलं तेच सांगा. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग तुम्हाला काढतील?"

"कदाचित. तो तुमचा प्रश्न नाही."

टाळ्या नाहीत, काही नाही. दुर्बीण चष्मा पुसत बसली होती.

२६ फेब्रुवारी

अधिकारी येऊन गेले. त्यांना डबा दाखवला, त्यांच्यासमोर प्रयोग केला. ११.५! ते म्हणाले, "आज सोडा कमजोर आहे, मान्य. त्या दिवशी होता कशावरून?" उरलेलं द्रावण मागितलं. नाना पडेल चेहऱ्याने म्हणाले, "बाटल्या घासून ठेवल्या, साहेब. रोज ठेवतो."

मग मुलांचे जबाब — एकेकाला आत बोलावून. मला बाहेर थांबवलं. हरकत नाही. दुर्बिणीच्या उत्तरपत्रिकेतली ती बारीक ओळ पुरेशी आहे.

१२ मार्च

निकाल आला. फेरपरीक्षा नाही. 'शिक्षिकेचा दोष आढळत नाही.' सोबत जबाबांच्या प्रती. एकतीस. सगळ्यांत तेच — 'बाईंचं द्रावण बरोबर होतं, आमची मोजण्यात चूक झाली.' पहिला जबाब दुर्बिणीचा: 'माझा चष्मा जाड आहे. पातळी नीट दिसली नाही. सोड्याबद्दलची ओळ मी उगाच लिहिली.'

कागद घेऊन वर्गात गेले. सगळे उभे राहिले. जबाबांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

दुर्बिणीनेच विचारलं, "आता तुम्ही जाणार नाही ना, बाई?"