जबडा एक सेंटीमीटर पुढे

बोरीवली पूर्व

ती. देवदत्तदादास धाकट्या विद्याधरचा नमस्कार.

वहिनींच्या गुडघ्याची सूज आणि तुझा माझ्यावरचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. माझ्या तोंडाची सूज अजून आहे आणि दात रबरांनी बांधलेत, म्हणून फोनऐवजी पत्र.

"घोरण्यासाठी कुणी जबडा कापून घेतं का रे?" असं ओरडून तू फोन ठेवलास. आता शांतपणे ऐक. सोसायटीच्या वार्षिक सभेत अहवाल वाचता वाचता मी झोपलो. (माईक चालू होता. माझं घोरणं ऐकत सभेनं लिफ्टचा ठराव एकमतानं मंजूर केला. मी जागा असताना तो तीन वर्षं रखडला होता.) इथवर मीही हसलो. पण पुढच्याच रविवारी भरदुपारी स्कूटर चालवताना माझा डोळा लागला. मागे उत्तरा. बायकोनं पाठीत गुद्दा घातला म्हणून दुभाजक चुकला. उतरून ती फुटपाथवर बसली आणि रडली रे.

तपासणीत निघालं, झोपेत तासाला त्रेचाळीस वेळा माझा श्वास अडतो. हवेच्या मशीनचा मुखवटा चार महिने लावला. झोपेतच मी तो उपटून फेकायचो. शेवटी सर्जनबाई म्हणाल्या, "जबडा लहान आहे, जिभेमागे हवेला वाटच नाही. दोन्ही जबडे कापून सेंटीमीटरभर पुढे आणू."

"आणा," मी म्हटलं.

"घाबरलायस ना?" उत्तरानं बाहेर आल्यावर विचारलं.

"हो. पण स्कूटरवर जास्त घाबरलो होतो."

ऑपरेशन पार पडलं. घरी आलो तर आमच्याच वॉचमननं वही पुढे केली, "किसके यहाँ जाना है?" (मी लिहिलं, 'माझ्याच.') तीन आठवडे मटणाच्या गाळलेल्या रश्श्यावर आहे, खालचा ओठ बधिर आहे, पक्का निकाल काही महिन्यांनी कळेल. पण काल दुपारी दोन तास आवाज न करता झोपलो. उत्तरानं जिवंत आहे ना म्हणून दोनदा हलवलं. उठलो तेव्हा डोकं इतकं हलकं होतं की मी घाबरलोच.

तुझा,
विद्या

ता. क. वहिनींनी तुझ्या दुपारच्या झोपेचा व्हिडिओ पाठवलाय. नऊ मिनिटांत पाच वेळा तुझा श्वास थांबला, दादा. मी घड्याळ लावून मोजलं.

ता. ता. क. गुरुवारी तुझी तपासणी ठरवली आहे. साडेदहाला मुलुंडला येतो. वहिनींनी तुझी पिशवी भरली आहे आणि गाडीची किल्ली लपवली आहे.