यंदा बस भरली नाही

नांदेड, रविवार, २१ डिसेंबर

बायकांसाठी मी दरवर्षी सहल काढते; परवा निघणारी यंदाची कोकणची सहल आज रद्द केली. शेवटच्या चौघींनीही नावं काढून घेतली. एकीला मुलगा विमानानं मनालीला नेतोय, बाकीच्या आपापल्या गाड्यांनी गोव्याला. माणसं पूर्वीपेक्षा जास्तच फिरतात, पण आम्हा बायकांची बस काही भरत नाही. गेल्या वर्षी महाबळेश्वरलाही निम्मीच होती.

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून संध्याकाळी अर्धापूरला काशीकडे गेले. माझी ही मावसबहीण साठीला आली, अजून समुद्र पाहिलेला नाही. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. यंदा पहिल्यांदाच घरातून होकार मिळाला होता. प्रवासात टिकाव्यात म्हणून दुधात पीठ भिजवून दशम्या करून ठेवल्या होत्या तिनं. तिचा मुलगा दरवर्षी मित्रांसोबत गोव्याला जातो. आईलाही न्यावं, हे त्याला कसं सुचत नाही?

मी म्हटलं, "काशे, आपण दोघीच रेल्वेनं जाऊ."

"दोघीला कोण सोडतंय, अक्का? सगळी बस बायांचीच हाय, म्हणून तर घरचे हाव म्हणले व्हते."

तिनं त्याच दशम्या ताटात वाढल्या, वर शेंगदाण्याची चटणी. "खा. आता कशाला ठिवायच्यात?"

निदान समुद्र ऐकवावा म्हणून मी सांगू लागले, पहाटे पाणी कसं दिसतं, लाटांचा आवाज कसा येतो. तिनं माझा हात धरला.

"नको सांगू, अक्का. मला बघायचा व्हता."