गुलाबी फेटा

रहिमतपूर, मार्च १९७४

नाथाजी,

थोरल्या भावाचा आशीर्वाद शेवटी लिवतो, आदी हे ऐक.

सगळा तालुका ज्याच्या धाकात, त्या लालासायेबानं आपल्या गावचं कालव्याचं पाणी अडवलं. तवा चावडीत मी म्हणलो, "आदी पाणी, मग मान." तू म्हणलास, "दादा, आदी मान देऊ, पाणी आपसूक येतंय." मी तुला चारचौघांत लाचार म्हणलो.

तू त्याच सांजेला जाऊन त्याला फेटा बांधलास, आन तिसऱ्या दिशी पाटाला पाणी आलं. आता तू त्याच्या जीपमदी पुढं बसून सांगलीला गेलायस. तुजी वैनीबी म्हणती, "भावजींना माणूस कळतो." माज्या आंगाचा नुसता जाळ हुतोय.

खरं सांगू? चावडीतनं उठलो ते मी तडक कोरेगावला गेलो आन गुलाबी फेटा घिऊन आलो. सकाळी गुपचूप जाऊन मीच त्याला बांधणार व्हतो. तू आदी पोचलास, एवढाच माजा राग.

हे पत्र मी पेटीत टाकणार न्हाई.

ऐतवारी गाव तुजा सत्कार करतंय. फेटा थोरल्या भावानं बांधायचा ठरलंय. नवा आणू नगा म्हणलो, माज्याकडं हाय.

आशीर्वाद तवाच घे.

तुजा थोरला,
ज्ञानू